विरोधी आमदाराचे मत कोणत्या बाजूला पडले, हे कसे शोधावे

विधानसभेचे अधिवेशन संपले की आमच्या भागात एकच प्रश्न फिरत असतो: आपल्या आमदाराने पर्वरीला, म्हणजे गोवा विधानसभेत, जाऊन नेमके काय केले? उत्तर देणारे बहुतेक जण उपस्थितीची टक्केवारी आणि विचारलेल्या प्रश्नांची संख्या पुढे करतात. फोंडा तालुक्यातील एका वाचनालयासाठी मी प्रत्येक अधिवेशनानंतर असे टिपण तयार करत आले आहे, आणि त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की या दोन आकड्यांवरून विरोधी सदस्याची भूमिका कळत नाही. हजेरीपटावर सही करून सदस्य दिवसभर गप्प बसू शकतो. संसदेत तर मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांच्यावर हजेरीपटावर सही करण्याचे बंधनच नसते, त्यामुळे त्यांच्या नावापुढची रिकामी जागा दाखवून ‘हे कधी सभागृहात आलेच नाहीत’ असे सांगणारा माणूस लोकांची दिशाभूल करतो.

आधी कालखंड ठरवावा

गोव्यात ही पायरी टाळली तर पुढचे सगळे काम वाया जाते. २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे ११ आमदार निवडून आले आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांपैकी ८ जण भाजपमध्ये गेले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये १० जण असेच गेले होते. म्हणून सदस्य कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विरोधी बाकावर होता, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि पक्ष बदलला असेल तर दोन्ही काळांची पाने वेगळी ठेवावीत. पाच वर्षांची एकच सरासरी काढू नये.

कागद गोळा करावेत

त्या त्या दिवसाची कामकाज पत्रिका, बुलेटिन, तारांकित (तोंडी उत्तराच्या) व अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांच्या याद्या, विधेयकाचा मूळ मसुदा आणि भाषणांचे शब्दशः इतिवृत्त एवढे पुरते. एखाद्या दिवसाचे इतिवृत्त मिळत नसेल तर विधिमंडळ सचिवालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मत शोधणे

खरी अडचण इथे आहे. विधानसभेतील बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. सभापती प्रस्ताव सभागृहापुढे ठेवतात, होकार आणि नकार ऐकतात, होकार अधिक असल्याचे जाहीर करतात आणि विधेयक संमत होते. ४० जणांपैकी कोण ‘होय’ म्हणाले आणि कोण ‘नाही’ म्हणाले, याची नोंद कुठेही होत नाही. इतिवृत्तात फक्त प्रस्ताव मताला टाकला आणि संमत झाला, एवढे एक वाक्य उरते.

सुरुवातीला मी याच वाक्यावर फसले. वाचनालयाच्या टिपणात मी ‘विरोधात मत’ असा एक रकाना केला होता, आणि एका विधेयकापुढे नोंद न मिळाल्याने आमच्या आमदाराच्या नावासमोर ‘नाही’ असे लिहून मोकळी झाले. टिपण भिंतीवर लागल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एका वयस्क वाचकांनी मला बाजूला बोलावले. ते त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. आमदार त्या विधेयकाविरुद्ध बोलले होते, त्यांच्या दोन दुरुस्ती सूचना फेटाळल्या गेल्या होत्या आणि अंतिम मताच्या आधी त्यांनी सभात्याग केला होता. हे सगळे इतिवृत्तात छापलेले होते, फक्त मी शेवटचे पान पाहून थांबले होते. माझ्या ‘नाही’चा अर्थ वाचकांनी ‘यांनी विरोध केला नाही’ असा घेतला, आणि तो तसाच घेतला जाणार होता. दुरुस्ती लावली, पण चुकीची गोष्ट तोवर गावात पोहोचली होती. तेव्हापासून माझ्या वहीत ‘नोंदले गेलेले मत नाही’ हा वेगळा रकाना आहे, आणि तुमच्या वहीतही तो असायलाच हवा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक. ३० वर्षे किंवा अधिक काळ गोव्यात राहणाऱ्याला २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराच्या मालकीचा मार्ग खुला करणारे हे विधेयक ३० जुलै २०२१ रोजी विधानसभेने मंजूर केले, आणि त्या वेळी विरोधकांनी सभात्याग केला होता. पुढे राज्यभर विरोध झाल्यावर मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना ‘भूमिपुत्र’ हा शब्द वगळण्याची घोषणा करावी लागली. आता केवळ मतांचा कागद मागणाऱ्याला त्या विधेयकाविरुद्ध एकही नाव दिसणार नाही, आणि त्यावरून विरोधकांना ते मान्य होते असा निष्कर्ष कोणी काढला तर तो उघड खोटा ठरेल.

पण सभागृहाबाहेर असणे म्हणजे नेहमी विरोधच, असेही समजू नये. १६ मार्च २०१७ रोजी मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी जिंकला. इथे बेरीज करून पाहावी. २२ आणि १६ मिळून ३८ होतात आणि सभागृह ४० चे आहे. उरलेल्या दोघांपैकी एक हंगामी सभापती होते. दुसरे होते काँग्रेसच्या तिकिटावर वाळपईतून निवडून आलेले विश्वजित राणे. ते मतदानाला नव्हते आणि त्याच दिवशी त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. काँग्रेसचे १७ आमदार असताना विरोधात १६ मते का पडली, याचे उत्तर त्या एका गैरहजेरीत आहे. म्हणजे २०२१ मधली गैरहजेरी विरोधाची होती आणि २०१७ मधली पक्ष सोडण्याची, मात्र मतांच्या आकड्यात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून जिथे आकडे मिळतात तिथे ते सभागृहाच्या त्या दिवसाच्या सदस्यसंख्येतून वजा करावेत आणि उरलेल्या प्रत्येक सदस्याचे कारण शोधावे. रिक्त जागा आणि सभापती आधी बाजूला काढावेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे सभापती पहिल्या फेरीत मत देत नाहीत, दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच देतात, हे न कळल्याने हिशेबात एकाची तफावत आली म्हणून गोंधळणारे मी अनेक पाहिले आहेत.

नावांसह नोंद हवी असेल तर मतविभाजन, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत बाजूनिहाय नोंदवणे, झाले पाहिजे, आणि ते कोणी तरी मागावे लागते. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे सभापतींच्या निर्णयाला आव्हान दिले की लॉबी रिकामी केली जाते, साडेतीन मिनिटांनी प्रस्ताव पुन्हा मताला टाकला जातो, आणि तरीही आव्हान कायम राहिले तर मते नोंदवली जातात. मात्र मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे सभापतींना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तशा मोजणीत नावे नोंदवली जात नाहीत. म्हणून ‘मोजणी झाली’ एवढे वाचून नावांची यादी असेलच असे धरून चालू नये. लोकसभेत हमखास नावे मिळतात ती घटनादुरुस्ती विधेयकांवर, कारण अनुच्छेद ३६८ ला विशेष बहुमत लागते आणि ते मोजून दाखवावे लागते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे मतदान झाले, ते याच कारणाने.

गोव्याशी थेट संबंध असलेल्या विधेयकावर तरी नावे मिळतील, अशी आशा असते. तीही नेहमी पुरी होत नाही. आपल्या ४० मतदारसंघांत पेडणे हा एकच अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि अनुसूचित जमातींसाठी एकही नाही. ही स्थिती बदलण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक ५ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाले. गदारोळ बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून होता. त्या गदारोळातील एखाद्या विरोधी खासदाराचे छायाचित्र दाखवून ‘याने आमच्या आदिवासींच्या विधेयकाला विरोध केला’ असे कोणी सांगितले तर त्याच्याकडे त्या खासदाराचे या विधेयकावरचे शब्द मागावेत. घोषणा कोणत्या विषयावर होत्या आणि मताला काय टाकले होते, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात.

मत नोंदले गेलेले नसेल तर काय वाचावे, याचा माझा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर सदस्याने स्वतः मांडलेली दुरुस्ती, कारण तिच्यात नेमके कोणते कलम आणि कोणता शब्द नको होता ते लेखी असते. त्यानंतर विधेयक चिकित्सा समितीकडे (ते तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवण्याची मागणी, मग कलमवार चर्चेतील भाषण, मग कारण सांगून केलेला सभात्याग, आणि सर्वांत शेवटी पत्रकारांपुढे केलेले वक्तव्य. पत्रकारांपुढचे बोलणे खोटे असते म्हणून ते खाली ठेवले आहे असे नाही. सभागृहात बोललेल्या शब्दाला तिथल्या तिथे प्रत्युत्तर मिळू शकते आणि तो कायमचा नोंदला जातो, म्हणून त्याचे वजन अधिक.

अर्थसंकल्पाच्या काळात कपात सूचना, म्हणजे एखाद्या खात्याची मागितलेली रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, अवश्य पाहाव्यात. त्या एकगठ्ठा फेटाळल्या जातात म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, पण कोणत्या खात्याच्या कोणत्या कामाबद्दल तक्रार आहे ते तिथे सदस्याच्या नावासह लिहिलेले असते. खाजगी सदस्यांचे ठरावही असेच. ठरावापुढे ‘मागे घेतला’ असे दिसले तर सदस्याने माघार घेतली असे लिहू नये. बहुतेक वेळा मंत्र्यांनी आश्वासन दिलेले असते आणि त्यावर ठराव मागे घेतला जातो. ते आश्वासन शब्दशः उतरवून घ्यावे आणि पुढच्या अधिवेशनात त्याचे काय झाले ते पाहावे.

भूमिका बदलली का

सदस्य पूर्वी सत्तेत असेल तर जुने इतिवृत्तही काढावे. नगर नियोजन कायद्याचेच पाहा. १६ब हे कलम २०१८ च्या दुरुस्तीने आले तेव्हा नगर नियोजन खाते मंत्री विजय सरदेसाई यांच्याकडे होते. पुढे सरकारने १७(२) आणि ३९अ ही कलमे आणली, आणि विरोधी बाकावरून सरदेसाई त्यांच्यावर टीका करत आले आहेत. यावर एका ओळीत ‘भूमिका फिरवली’ असे लिहिणे सोपे आहे, पण मी ते लिहू देणार नाही. तिन्ही कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, जमिनीचा वापर बदलण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या सुनावणीनंतर आणि किती क्षेत्रासाठी दिला आहे ते पाहावे, दोन्ही काळांतील भाषणे त्यांच्या तारखांसह द्यावीत आणि निर्णय वाचकावर सोडावा.

पक्षादेश (व्हिप, म्हणजे कसे मत द्यावे याचा पक्षाचा हुकूम) निघाला होता का, तेही पाहावे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी कायदा) पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची सदस्यता जाऊ शकते, त्यामुळे अशा मतावरून सदस्याचे स्वतःचे मत ठरवता येत नाही.

भाषा

आपल्या विधानसभेत एकाच भाषणात कोकणी, मराठी आणि इंग्रजी येते. वृत्तपत्रातले मराठी अवतरण हे बहुधा वार्ताहराने केलेले भाषांतर असते. ते अवतरणचिन्हांत घालून सदस्याच्या तोंडी देऊ नये. कोकणीतले वाक्य कोकणीतच द्यावे, आमच्या वाचकांना ते कळते. चित्रफीत उपलब्ध असेल तर वादाचे वाक्य तीनदा ऐकावे, आणि त्याच्या आधीची व नंतरची दोन मिनिटेही ऐकावीत.

छापण्याआधी

टिपण तयार झाले की ते संबंधित सदस्याच्या कार्यालयाला पत्रासोबत पाठवावे आणि आठ दिवसांची मुदत द्यावी. पत्रात ‘आपली भूमिका कळवावी’ असे मोघम विचारू नये. ‘अमुक तारखेच्या अमुक विधेयकावर मतविभाजन झाले नाही, आपण त्या वेळी सभागृहात होता का, आणि असल्यास आपला नकार होता का’ असे विचारावे. उत्तर आले तर ते ‘सदस्याने नंतर कळवले’ अशा शीर्षकाखाली वेगळे छापावे, इतिवृत्तातील नोंदीत मिसळू नये. उत्तर आले नाही तर पत्र पाठवल्याची तारीख देऊन ‘उत्तर आले नाही’ एवढेच लिहावे, आणि ते कधीही आले तरी पुढच्या टिपणात त्याला जागा द्यावी.