क्रमांक १५२६ आणि माझी चूक : ईशज्ञान शिकू पाहणाऱ्या प्रापंचिकांसाठी

धर्मग्रामातील (पॅरिशमधील) रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात अकरा वर्षे शिकवून झाल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी कॅथलिक ईशज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचा, पद्धतशीर अभ्यास सुरू केला. बँकेची नोकरी, विरार लोकलचा रोजचा प्रवास आणि घरची माणसे सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गांतून तो तीन वर्षे चालला, आणि आजही तो पूर्ण झाला असे मला वाटत नाही. मिस्सा, सात संस्कार, श्रद्धासूत्र, जपमाळ हे सारे आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरून मी हे लिहीत आहे. ज्यांना त्यापुढे जायचे आहे आणि ज्यांच्यासमोर पुस्तकांचा ढीग आहे, पण कोणते आधी उघडावे हे सांगणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव आहे.

सुरुवात १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथापासून, म्हणजे ज्याला आपण सगळे कॅटेकिझम म्हणतो त्यापासून करावी. त्यात २,८६५ परिच्छेद आहेत आणि श्रद्धासूत्र, संस्कार, आज्ञा व प्रार्थना असे चार भाग आहेत. रोज दहा परिच्छेद वाचले तरी दहा महिन्यांच्या आत तो वाचून होतो. मला सव्वा वर्ष लागले, कारण मी तळटीपा वाचू लागले. तळटीपा सोडू नका. परिच्छेदातले वाक्य बायबलमधून आले आहे, बिशपांच्या एखाद्या परिषदेतून आले आहे की संत ऑगस्टीनच्या प्रवचनातून, हे तिथेच कळते. २००५ साली निघालेला प्रश्नोत्तरांचा संक्षेप ५९८ प्रश्नांत सर्व आटोपतो आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच थांबतात. माझे मत असे की तो उजळणीसाठी उत्तम आहे, परंतु आरंभासाठी घातक आहे, कारण प्रश्न काय होता हे समजण्याआधीच उत्तर पाठ होते. बायबल मात्र शेजारी उघडेच असावे. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' माझ्या टेबलावर असते आणि इंग्रजी वाचून थकलेल्या डोक्याला त्याने अनेकदा हात दिला आहे.

आता ज्या खड्ड्यात मी पडले त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण त्यात मी एकटी पडले नाही. दुसऱ्या एका व्यक्तीलाही मी त्यात ओढले.

आमच्या धर्मग्रामाच्या कपाटात एक जुनी इंग्रजी प्रश्नोत्तरांची पुस्तिका होती. तिचे मुखपृष्ठ आणि छपाईचे वर्ष असलेले पान दोन्ही गळून गेलेले होते. भाषा ठाम, उत्तरे आटोपशीर आणि प्रत्येक उत्तराखाली एक क्रमांक, त्यामुळे मला ती फार आवडत असे. स्नानसंस्काराविना (बाप्तिस्म्याविना) मरण पावलेली बालके 'लिंबो' नावाच्या ठिकाणी जातात, तिथे त्यांना नैसर्गिक सुख असते, परंतु देवाचे दर्शन कधीच घडत नाही, असे त्यात ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण म्हणून छापलेले होते आणि खाली लिहिले होते, 'डेन्झिंगर १५२६'. नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर मी बोलत होते. एका आईने विचारले, "टीचर, माझा पहिला मुलगा जन्मल्यावर सहा तासांत गेला. फादर पोहोचायच्या आत. तो कुठे असेल?" मी पुस्तिकेतले उत्तर सांगितले आणि क्रमांकही सांगितला. तिने वहीत लिहायला पेन उघडले होते, ते तिने काही न लिहिता बंद केले. पुढच्या रविवारी ती आली नाही.

दोन वर्षांनी ईशज्ञानाच्या वर्गात आम्हांला एक स्वाध्याय मिळाला : कुठल्याही जुन्या पुस्तकातला एक संदर्भ घ्या आणि तो मुळापर्यंत शोधत जा. मी तोच घेतला. डेन्झिंगर म्हणजे श्रद्धासूत्रे, परिषदांचे निर्णय आणि पोपमहोदयांची अधिकृत वचने यांचा कालक्रमाने लावलेला संग्रह. हाइनरिश डेन्झिंगर या जर्मन धर्मपंडिताने तो प्रथम १८५४ साली काढला आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत. ग्रंथालयातल्या नव्या आवृत्तीत मी १५२६ क्रमांक उघडला, तर तिथे १५४७ साली ट्रेंट परिषदेने मंजूर केलेला, पापी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरण्याविषयीचा निर्णय होता. प्रौढ मनुष्य देवाच्या कृपेच्या साहाय्याने त्यासाठी कसा सिद्ध होतो, हे त्या परिच्छेदात सांगितले आहे. बालकांचा उल्लेखही नाही. मला वाटले, पुस्तिका खोटी आहे. ती खोटी नव्हती. १९६३ साली या संग्रहाची नव्याने मांडणी झाली आणि सर्व क्रमांक बदलले. जुना १५२६ आता २६२६ आहे. त्या आधीच्या पुस्तकांत जुने क्रमांक असतात, नंतरच्या पुस्तकांत नवे, आणि इंग्रजीत दोन्ही प्रकारचे अनुवाद आजही हाताशी येतात. म्हणून 'डी' किंवा 'डीझेड' हे संक्षेप दिसले तर बहुधा जुना क्रमांक समजावा आणि 'डीएस' किंवा 'डीएच' दिसले तर नवा. नव्या आवृत्तीच्या शेवटी दोन्ही क्रमांकांचा तक्ता असतो, तो पाहिल्यावाचून एकही संदर्भ वहीत उतरवू नका.

खरी चूक मात्र क्रमांकाची नव्हती. २६२६ वाचल्यावर ती मला कळली. तो १७९४ सालचा पोप पायस सहावे यांचा निर्णय आहे आणि इटलीतील पिस्तोया येथील धर्मसभेच्या मतांविरुद्ध दिलेला आहे. बालकांच्या लिंबोची कल्पना म्हणजे पेलॅजियसच्या पाखंडातून (आदिपाप नाकारणाऱ्या शिकवणुकीतून) निघालेली दंतकथा, असे म्हणून ती उडवून लावणे असत्य, उतावळे आणि कॅथलिक पंडितपरंपरेवर अन्याय करणारे आहे, असे तो म्हणतो. नीट वाचा. लिंबो मानणाऱ्यांना पाखंडी म्हणू नका, एवढाच त्याचा अर्थ. लिंबो आहे आणि तो प्रत्येकाने मानलाच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. मतमतांतराला दिलेले संरक्षण मी श्रद्धासत्य म्हणून शिकवले होते.

ख्रिस्तसभेची सगळी विधाने एकाच वजनाची नसतात, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. १८५४ मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाची आणि १९५० मध्ये तिच्या स्वर्गउन्नयनाची केलेली गंभीर घोषणा एका पायरीवर आहे. पोपमहोदयांच्या परिपत्रकातली सर्वसाधारण शिकवण दुसऱ्या पायरीवर आहे, तिला आदराने मनबुद्धीची संमती द्यायची असते. आणि शतकानुशतके पंडितांनी मांडलेले मत, ते कितीही सर्वमान्य असले तरी, तिसऱ्याच पायरीवर असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्तसभेविषयीच्या १९६४ सालच्या संविधानात, म्हणजे परिषदेच्या एका प्रमुख दस्तऐवजात, याविषयीचा पंचविसावा परिच्छेद आहे. तो मी दहा वेळा तरी वाचला असेल, आणि माझे आग्रहाचे सांगणे आहे की अभ्यासाच्या पहिल्या महिन्यातच तो वाचावा. त्या परिषदेचे सोळा दस्तऐवज आहेत. चार संविधाने आधी, उरलेले नंतर.

बालकांविषयी कॅटेकिझमचा १२६१ वा परिच्छेद काय सांगतो? ख्रिस्तसभा त्यांना देवाच्या दयेवर सोपवते, सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे आणि येशूने बालकांना आपल्याकडे येऊ देण्यास सांगितले आहे, म्हणून त्यांच्या तारणाचा मार्ग आहे अशी आशा आपण बाळगू शकतो. तो परिच्छेद माझ्या घरातल्या ग्रंथात होता, मी तो वाचलेलाही होता, आणि तरीही त्या रविवारी मला तो आठवला नाही, कारण पुस्तिकेचे उत्तर तोंडपाठ होते. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच आशेवर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. लिंबो हे आजही मांडता येण्याजोगे मत आहे, पण आशेला भक्कम आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. इथेही पायरी पाहा : आयोग अभ्यासकांचा आहे, त्याच्या निवेदनाला कॅटेकिझमचा अधिकार नाही. आणि उलट्या बाजूनेही घसरू नका. 'बाळ स्वर्गातच आहे असे ख्रिस्तसभेने निश्चित सांगितले आहे' असे म्हणणे कानाला गोड लागते, पण मजकुरात आशा हा शब्द आहे आणि तेवढाच आपल्याला सांगता येतो.

जुनी पुस्तके टाकून द्या असे मी म्हणत नाही. इंटरनेटवर विनामूल्य मिळणारे बहुतेक साहित्य जुनेच आहे. १९०७ पासून निघालेला इंग्रजी कॅथलिक कोश इतिहासासाठी अजूनही उपयोगी पडतो, पण त्याने व्हॅटिकनची दुसरी परिषद पाहिलेलीच नाही. संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' हा ईशज्ञानाचा ग्रंथ वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक प्रश्नात आधी विरोधकांचे आक्षेप येतात, मग एक प्रतिवचन, मग थॉमस यांचे स्वतःचे उत्तर आणि शेवटी आक्षेपांचे निरसन. आक्षेपातले वाक्य उचलून थॉमस यांच्या नावावर खपवलेले मी छापील लेखांतही पाहिले आहे. शेवटची पुरवणी तर १२७४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच तरुणपणीच्या ग्रंथातून इतरांनी जुळवलेली आहे.

दहा मिनिटांच्या चित्रफिती पाहून ईशज्ञान येत नाही. त्यांत वादात जिंकायचे शिकवतात आणि मला त्यांचा संताप येतो, कारण माझी पुस्तिका त्याच जातीची होती. मार्गदर्शकाविषयीही माझे मत ठाम आहे : जो तुमच्या प्रश्नाला लगेच उत्तर देतो त्यापेक्षा जो पान क्रमांक देऊन परत पाठवतो तो धरावा. मला असे करणाऱ्या एक सिस्टर भेटल्या. पहिले सहा महिने मी त्यांच्यावर रागावलेली होते. पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ, जे १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडीत स्थापन झालेल्या सेमिनरीतून वाढले आणि १९५५ मध्ये पुण्याला आले, तिथे भावी धर्मगुरूंबरोबर सिस्टर आणि प्रापंचिकही शिकतात. पण तिथे जाणे जमले नाही म्हणून निराश होऊ नका. लॅटिन येत नाही म्हणूनही घाबरू नका. मला अजून येत नाही. पंचवीस-तीस शब्दांवर माझे काम चालते.

मराठीत मात्र विचार करा. ४५१ सालच्या कॅल्सेडोन परिषदेचे सूत्र, ख्रिस्त एक व्यक्ती आणि त्याचे दोन स्वभाव, मी वर्गात सांगितले तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे येशू कधी शांत आणि कधी रागीट?" तिची चूक नव्हती; आपल्या बोलण्यात स्वभाव म्हणजे तेच. त्या रात्री मी 'स्वभाव', 'स्वरूप', 'प्रकृती' असे तीन शब्द मांडून प्रत्येकाने काय बिघडते ते लिहीत बसले, आणि कॅल्सेडोन मला त्या रात्री समजले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत लिहिताना स्वर्गाला वैकुंठ म्हटले. आपल्या भाषेला हे श्रम नवे नाहीत.

स्वाध्याय पूर्ण झाल्यावर मी त्या आईच्या घरी गेले. मी चुकीचे सांगितले होते, एवढे बोलून मी १२६१ वा परिच्छेद तिला वाचून दाखवला, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्याचं नाव मिस्सेत घेता येईल का, टीचर?" मला उत्तर येत होते असे वाटत होते. तरी मी म्हटले, "बघून सांगते." पुढच्या रविवारी ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मकायद्याची दोन कलमे मी कागदावर उतरवून नेली. कलम ९०१ प्रमाणे धर्मगुरू जिवंत वा मृत अशा कोणाही व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात, आणि कलम ११८३ प्रमाणे आईवडिलांनी ज्याच्या स्नानसंस्काराचे ठरवले होते, पण तो होण्याआधीच जे मूल गेले, त्याचा अंत्यविधीही बिशपांच्या परवानगीने ख्रिस्तसभेत होऊ शकतो. तिने कागद घेतला, दोनदा वाचला आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला हाक मारली.