दुसऱ्यासाठी प्रार्थना करताय? या चुका टाळा

मिरजेत राहायचं म्हणजे कुणाचं ना कुणाचं दुखणं रोज कानावर येतं. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली इथं मिशन दवाखाना उघडला. आज पार कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. त्यामुळे आमच्या चर्चच्या प्रार्थना सभेत विनंत्यांना तोटा नसतो आणि चुकांनाही. सगळ्यात वाईट चूक मीच केली होती.

शेजारच्या काकूंची गाठ तपासायला दिली होती. काकू आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, नाहीत. तरी मी सभेत त्यांचं नाव, गाठ कुठल्या बाजूला, रिपोर्ट कधी येणार, सगळं सांगून प्रार्थना मागितली. दोन दिवसांनी मंडईत भाजीवालीनं त्यांना विचारलं, "रिपोर्ट आला का हो?" काकूंनी हातातली कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि तशाच घरी आल्या. रिपोर्ट चांगला आला, पण दोन महिने त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आता मी आधी विचारते, "नाव घेऊ का?" नको म्हणाल्या तर "एक बहीण आजारी आहे" एवढंच. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

काय मागायचं हेही आपणच ठरवून टाकतो. आंधळ्या बार्तीमयालासुद्धा येशूनं विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? (बायबल, मार्क 10:51) त्याला दिसत नाही हे काय कळत नव्हतं? तरी विचारलं. आपण "लवकर बरं कर" म्हणून मोकळे होतो. त्या माणसाला कदाचित आजारापेक्षा बिलाचा घोर जास्त असतो.

2019 च्या महापुरात सांगली पाण्यात होती तेव्हा आम्ही "प्रभू, पूरग्रस्तांना पुरव" अशी लांबलचक प्रार्थना केली. पाणी ओसरल्यावर त्यांना हवे होते खराटे, फिनेल, कोरड्या चादरी आणि चिखल उपसायला चार हात. उघड्या-उपाशी माणसाला नुसतं "ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणून पाठवण्याबद्दल बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबानं (2:15-16) चांगलंच सुनावलंय. आमेन म्हणून झालं की डब्याचं बघा.

आजाऱ्याच्या उशाशी बसून "कुठं पाप घडलं असेल" याचा शोध तर अजिबात नको. बायबलमधल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडून त्याचंच पाप काढायला लागले आणि घोटाळा झाला. दुसऱ्या धर्माच्या घरात प्रार्थनेच्या आडून उपदेश करणं हाही त्यातलाच प्रकार.

शब्दच सुचत नसतील तर? गप्प बसा. आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः मध्यस्थी करतो, असं प्रेषित पौल लिहितो (रोम 8:26). आणि "प्रार्थनेत आठवण ठेवते" म्हणून विसरायची सवय असेल, तर फोन ठेवल्या ठेवल्या तिथंच दोन वाक्यं बोलून घ्या. मी कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेला नावाचं पहिलं अक्षर लिहिते. दुसऱ्या दिवशी "कसं झालं?" विचारायलाही तेच उपयोगी पडतं.

मागच्या आठवड्यात काकू आपणहून म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यासाठी सांग गं तुमच्यात. नाव घेतलंस तरी चालेल. फक्त सुनेचं काही बोलू नकोस."