घरी मॉर्फिन देताना : घड्याळ, माप आणि कोठा

कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून मिळणारं जोरदार वेदनाशामक, लिहून दिलं, औषध घरी आलं, की पुष्कळ घरांत पहिली चूक तिथेच होते. ‘अगदीच सहन होईना झालं तर देऊ’ म्हणून ते कपाटात ठेवलं जातं आणि रुग्ण दातओठ खात पडून राहतो. दुखणं टिपेला पोचल्यावर ते खाली आणायला वेळ लागतो, औषधही जास्त लागतं, आणि मग ‘याने काही होत नाही’ असं घरचे ठरवून टाकतात. मॉर्फिन द्यायचं ते दुखण्याने पुन्हा डोकं वर काढण्याआधी.

साधी गोळी किंवा पातळ औषध पोटात गेल्यावर अर्ध्या तासात काम सुरू करतं, तासाभरात त्याचा पूर्ण जोर येतो आणि चार तासांनी तो ओसरतो. म्हणून वेळा पक्क्या हव्यात: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि २. रात्री दोनला उठवायला लागू नये म्हणून काही डॉक्टर रात्री दहाची मात्रा वाढवून देतात. त्यांनी सांगितलं असेल तरच तसं करा. बारा तास पुरणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या चुरायच्या नाहीत, तोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळणं जड जात असेल तर डॉक्टरांकडून औषधाचा प्रकारच बदलून घ्या.

ठरल्या वेळी औषध देण्याची ही पद्धत लंडनमध्ये डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी आग्रहाने रुजवली. त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी सूत्रं दिली, त्यांतही ‘तोंडाने द्या’ आणि ‘घड्याळाप्रमाणे द्या’ हीच मुख्य होती.

आता माप. अफूच्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक गळतो, त्यात मॉर्फिन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं, पण जात, जमीन आणि हवा बदलली की तेही बदलतं. शतकानुशतकं वैद्य आणि हकीम अफू देत आले. कोणत्या गोळीत किती जोर आहे हे मात्र त्यांनाही नेमकं सांगता येत नसे. जर्मनीतल्या पाडरबोर्नमध्ये औषधनिर्माता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतलं हे मूळ द्रव्य वेगळं काढलं, तेव्हा कुठे वजन करून देता येईल असं औषध हाती आलं. इतक्या कष्टाने मिळालेली अचूकता स्वयंपाकघरातल्या चमच्याने घालवू नका. पातळ औषध सुईशिवायच्या सिरिंजनेच मोजा.

सगळ्यांत घातक गोंधळ मिलीग्रॅम आणि मिलीलिटरचा. एका बाटलीत ५ मिलीलिटरमध्ये १० मिलीग्रॅम असतं, तर दुसऱ्या, दाट औषधाच्या बाटलीत १ मिलीलिटरमध्येच २० मिलीग्रॅम. ‘पाच’ एवढंच ऐकून कोणी दाट औषध ५ मिलीलिटर दिलं, तर ५ मिलीग्रॅमऐवजी १०० मिलीग्रॅम पोटात जातं. बाटली बदलली की लेबल वाचा, किती मिलीलिटर द्यायचं ते डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला चिकटवा.

ठरलेल्या दोन मात्रांच्या मध्येच दुखणं उसळलं तर ‘मधली मात्रा’ द्यायची असते. ती सहसा चोवीस तासांच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या भागाइतकी असते; दिवसाला ६० मिलीग्रॅम चालू असेल तर ६ ते १०. नेमका आकडा आणि दिवसातून किती वेळा देता येईल, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा. मधली मात्रा दिली म्हणून पुढची ठरलेली मात्रा टाळायची नाही. वहीत वेळ, मात्रा, दुखणं दहापैकी किती आणि शौचाला झालं का, एवढं लिहा. मधल्या मात्रा रोज तीन-चारदा लागत असतील, तर मूळ मात्रा कमी पडते आहे. वही बघून डॉक्टर ती लगेच वाढवू शकतात.

मळमळ सुरुवातीच्या आठवड्यात होते आणि बहुधा आपोआप थांबते. तेवढ्यापुरतं उलटीचं औषध मागून घ्या. गुंगीही तीन ते पाच दिवसांत उतरते. कितीतरी रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर आधी गाढ झोपतो, हेही लक्षात असू द्या. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंद करतं आणि शरीर या परिणामाला कधीच सरावत नाही. म्हणून रेचक पहिल्या मात्रेपासूनच सुरू हवं, तेही आतड्यांना चालना देणारं: सोनामुखी किंवा बिसाकोडिल, गरजेप्रमाणे मल मऊ करणाऱ्या औषधासोबत. नुसतं इसबगोल इथे उपयोगाचं नाही. पाणी कमी पीत असलेल्या रुग्णात ते आतड्यातच घट्ट गोळा होऊन बसतं. तीन दिवस शौच झालं नाही तर थांबू नका, डॉक्टरांना कळवा. पोट फुगून उलट्या होत असतील तर रेचक न देता त्याच दिवशी दाखवा. कोठ्याच्या त्रासाला कंटाळून मॉर्फिन सोडून देणारे रुग्ण आहेत, आणि हा त्रास टाळता येण्यासारखा आहे.

धोक्याची खूण साधी झोप नव्हे. हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुढची मात्रा थांबवून तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. या स्थितीवर नालॉक्झोन हा उतारा आहे. हातपाय अचानक झटकणं, भास होणं, असंबद्ध बोलणं हीसुद्धा औषध अंगात साचल्याची लक्षणं असू शकतात. मूत्रपिंड मंदावलं किंवा शरीरातलं पाणी कमी झालं की असं होतं, म्हणून लघवी कमी झाल्याचं लगेच सांगा. झोपेच्या गोळ्या आणि दारू मॉर्फिनसोबत श्वास आणखी मंद करतात. दारू नकोच, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मॉर्फिन म्हटलं की घरच्यांना व्यसनाची भीती वाटते. ती कुठून आली, हे सांगायलाच हवं. चीनवर अफूचा व्यापार लादण्यासाठी १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी युद्धं झाली, आणि तिथली कितीतरी घरं त्या व्यसनात बुडाली. १८९८ मध्ये मॉर्फिनपासूनच बनवलेलं हेरॉइन चक्क खोकल्याचं, सवय न लावणारं औषध म्हणून विकायला काढलं होतं. तेव्हा सावधपणा योग्यच आहे. पण नशेसाठी ओढ लागणं वेगळं आणि काही आठवडे घेतल्यावर शरीराला सवय होणं वेगळं. सवय झालेल्या शरीरात औषध एकदम तोडलं तर घाम, जुलाब, नाक गळणं, पोटात कळा सुरू होतात. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं तरी मॉर्फिन हळूहळू, डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांनी उतरवा.

औषध कुलपात ठेवा आणि रोज मोजा. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी एक गोळीसुद्धा जीवघेणी आहे. उरलेलं औषध दुसऱ्या रुग्णाला देऊ नका. रुग्णालयात किंवा औषधविक्रेत्याकडे परत करा.