पाणी कमी असताना स्विमिंग पूल कसा सांभाळायचा

मे महिना आला की सोसायटीत हा विषय निघतोच, पाणी टँकरवर चाललंय, पूलची पातळी वीतभर खाली गेलीय, मग कोणीतरी म्हणतं पाणी फिल्टरमधून फिरवणारी मोटर बंद करून टाका, पावसाळ्यात बघू. प्लीज असं करू नका. उन्हात नुसतं पडून राहिलेलं पाणी बघता बघता हिरवं होतं, डास होतात, मग ते सगळं उपसून परत भरायचं, म्हणजे वाचवायला निघालो होतो त्याच्या कितीतरी पट पाणी जातं. बंगळुरात मार्च 2024 मध्ये पाणीपुरवठा मंडळाने पूलसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदीच घातली होती, त्यामुळे आहे ते पाणी टिकवणं हेच खरं काम.

सगळ्यात आधी मोटर. स्किमर म्हणजे भिंतीतलं वरचं पाणी आणि कचरा ओढणारं तोंड, त्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी लागतं, त्याखाली गेलं की मोटर हवा ओढायला लागते, स्ट्रेनरच्या (मोटरआधीच्या कचरा अडवणाऱ्या जाळीच्या डब्याच्या) पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात, प्रेशर गेजचा काटा थरथरतो आणि तशीच कोरडी चालू राहिली तर सील जळतं. म्हणून स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा आणि मेन ड्रेनचा, म्हणजे तळाच्या जाळीचा, उघडायचा, म्हणजे तळातून पाणी ओढलं जातं. ओव्हरफ्लोवाला पूल असेल तर काठावरून पाणी सांडतच नाही, ते सांडलेलं पाणी जिथे जमा होतं ती बॅलन्सिंग टँक रिकामी होते, तिथेही टँकची लाइन बंद करून मेन ड्रेनवरच चालवायचं. पण एक गोष्ट अजिबात विसरू नका, सगळा ओढा तळाच्या एकाच जाळीवर आला की मोटर चालू असताना पाण्यात कोणीही उतरायचं नाही, लहान मुलं तर नाहीच, केस किंवा अंग जाळीला चिकटलं तर सुटत नाही. जाळीचे स्क्रू घट्ट आहेत ना ते बघून घ्या. आणि काठावरून सूर मारणं पूर्ण बंद, खोलीचे आकडे भरलेल्या पूलचे असतात.

पाण्यातले लाइट उघडे पडले असतील तर त्यांचा एमसीबी पाडून ठेवा, कारण बरेचसे लाइट पाण्यानेच थंड राहतात.

आता औषधं, इथेच जास्त गडबड होते कारण माप जुन्याच हिशोबाने टाकलं जातं. समजा पूल 10 मीटर बाय 5 मीटर, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे 60,000 लिटर. पाणी 30 सेंटिमीटर उतरलं की 15,000 लिटर गेलं, राहिलं 45,000. 65 टक्केवाली क्लोरीन पावडर असेल तर हजार लिटरला साधारण दीड ग्रॅमने क्लोरीन 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम) वाढतं, म्हणजे या पूलला 70 ग्रॅमच्या आसपास. फ्री क्लोरीन, म्हणजे पाण्यात अजून कामाला शिल्लक असलेलं क्लोरीन, 1 ते 3 पीपीएममध्ये ठेवा, पीएच 7.2 ते 7.6, टेस्ट किटने रोज बघा कारण पाणी थोडं असलं की आकडे पटकन हलतात. पावडर सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात क्लोरीन उडून जातं. टीसीसीएच्या (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्यांवरच महिनोन्‌महिने चालवू नका, त्यातलं सायन्युरिक अॅसिड पाण्यात साठत जातं, पाणी वाफ होतं पण ते होत नाही, आणि ते फार वाढलं की क्लोरीन असूनही काम करत नाही. गोळ्या आणि पावडर एका डब्यात कधीच नको, आग लागू शकते. पीएच उतरवायचं अॅसिड आणि क्लोरीन तर एकमेकांजवळही ठेवू नका, विषारी गॅस होतो. अॅसिड पातळ करताना नेहमी पाण्यात अॅसिड घालायचं, उलटं नाही. आणखी एक, रिटर्नची, म्हणजे फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं ती, तोंडं पाण्याबाहेर आली असतील तर पाणी उडत राहतं, त्याने पीएच चढतो आणि वाफही जास्त होते, शक्य असेल तर ती तोंडं खाली वळवा.

स्किमर बंद म्हणजे वरची पानं, किडे, तेल कोणी ओढणार नाही, ते जाळीने हातानेच काढायचं, सकाळ संध्याकाळ. भिंती ब्रशने घासा, विशेषतः कोपरे आणि पायऱ्या, शेवाळ तिथूनच धरतं. तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढताना मल्टिपोर्ट (फिल्टरवरचा पाण्याची दिशा बदलणारा हँडलवाला व्हॉल्व्ह) 'फिल्टर'वर ठेवा, वेस्टवर नको, पाणी बाहेर जातं. व्हॅक्यूमचा पाइप जोडायचं भिंतीतलं तोंडही पाण्यावर आलं असेल तर ब्रशने गाळ हळूहळू मेन ड्रेनकडे ढकलत न्यायचा, घाई केली की सगळं ढवळतं. बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, तारीख बघून करायचा नाही, गेज स्वच्छ फिल्टरपेक्षा 8 ते 10 पीएसआय वर गेला की मगच, आणि मल्टिपोर्टजवळच्या काचेत पाणी स्वच्छ दिसलं की लगेच थांबायचं. तासाला 20,000 लिटरची मोटर असेल तर 3 मिनिटांत हजार लिटर जातं, म्हणून ते पाणी गटारात न सोडता पार्किंग धुवायला घ्या. मल्टिपोर्टचं हँडल फिरवताना मोटर बंद, नेहमीच.

पातळी खाली आहे तर टाइल्सवरची खाराची पांढरी रेघ काढायला यापेक्षा चांगली वेळ नाही. व्हिनेगर आणि नायलॉनचा ब्रश, तेलकट पट्ट्याला खायचा सोडा, लोखंडी तारेचा ब्रश नको. टाइल्समधल्या फटींचं सुटलेलं ग्राउट, तडकलेल्या टाइल्स आत्ताच करून घ्या.

पाणी वाफेनेच उतरतंय की गळतंय तेही तपासा. मोटर बंद करून पायरीवर बादली ठेवा, आत पूलचंच पाणी, बादलीत आणि पूलच्या भिंतीवर खूण करा, 24 तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर वाफ, पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती. पण दुरुस्तीसाठी पूल पूर्ण रिकामा करायचा विचार असेल तर पावसाळ्यात अजिबात नको, जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून येतो आणि पूल वर उचलला जाऊ शकतो, फायबरचा तर नक्कीच जपा.

टँकर आला की बादलीभर पाण्यात चिमूटभर क्लोरीन टाकून बघा, तांबूस झालं तर त्यात लोह आहे, तो टँकर पूलमध्ये नको. भरून झाल्यावर स्किमर हळूहळू उघडा, फिल्टरवरच्या नॉबने हवा काढा, औषधांचं माप नवीन लिटरने लावा.