गुडघे, शुगर आणि नातवंडं सांभाळून बिबडे कसे करायचे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, सोबत पुण्याची दोन कार्टी, नात ११ ची आणि नातू ८ चा, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी सुरू होतं, आजी बोअर होतंय. म्हणून गल्लीतल्या बाया बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, लवकर उरकतात तरी मी ते मुद्दाम मागे ठेवते. माझे दोन्ही गुडघे झिजलेत, शुगर १४ वर्षांची, घरात ह्यांना बीपी. तरी दरवर्षी ३ किलो ज्वारीचे बिबडे होतात. कसे होतात ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सगळं एका दिवसात करायचं नाही. ज्वारी निवडून, गिरणीतून कोंडा काढून आणायची आणि ३ दिवस भिजत घालायची, पाणी रोज बदलायचं. आता भिजलेल्या ज्वारीची बादली उचलणं हे माझ्या गुडघ्यांचं काम नाही, ते जावयाचं, किंवा मग दोन छोट्या पातेल्यांत भिजवा आणि पोरांना मग्गे भरभरून पाणी ओतू द्या, तेवढ्यावर ती खूश. (आंबूस वास येतो, नातू नाक धरून पळतो, येऊ द्या, तो आलाच पाहिजे.) चौथ्या दिवशी धुऊन निथळायची, सावलीत सुती कापडावर पसरायची, आणि कोरडी झाली की गिरणीतून रवाळ दळून आणायची. बारीक पीठ झालं तर बिबडा चिवट होतो. गिरणीवाल्याला दोनदा बजावून सांगा, तो एकदा सांगून ऐकत नाही.

आदल्या रात्री लसूण सोलून ठेवायचा. हे काम मी पोरांकडे देते, टीव्ही बघत बघत दोन गड्ड्या होतात. लसूण, जिरं, हिरवी किंवा लाल मिरची वाटून फ्रीजमध्ये. फ्रीजवरून आठवलं, आमरसाच्या पातेल्याला जागा करायला पोरांनी एकदा माझं इन्सुलिन उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी कामाचं नसतं, फेकूनच द्यावं लागलं. तेव्हापासून ते दारातल्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर नातीने कवटी काढून ठेवलीय.

आता मुख्य दिवस. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ९ वाजता गच्चीवरून खाली यायचंच असं धरून चाला, म्हणजे चूल नाहीतर गॅस पहाटे ५ ला पेटला पाहिजे. आणि त्याच्याआधी शुगरवाल्यांनी खायचं. मी दोन वर्षांपूर्वी हेच चुकवलं, गोळी घेतली आणि म्हटलं घाटा (बिबड्यांसाठी शिजवलेला रवा) झाला की खाते, घाट्याला वेळ लागला, गच्चीवर गेले आणि हात थरथरायला लागले, घाम फुटला, मला वाटलं उन्हाने होतंय. नातीने विचारलं आजी तू अशी का बोलतेय, आणि आईला हाक मारली. मशीनवर ६१ आलं. ७० च्या खाली गेली की लगेच ३ चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटं बसून राहायचं, परत तपासायची, अजून कमीच असेल तर परत साखर, आणि मग भाकरी किंवा काहीतरी पोटभर खायचं. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. आणि तेव्हा पुरणपोळी कामाची नाही बरं, तिच्यातल्या तुपामुळे साखर रक्तात हळू जाते. आता साखरेची पुडी माझ्या पदराच्या गाठीलाच असते आणि नातीला मशीन लावता येतं.

घाटा असा. एक वाटी रव्याला तीन वाट्या पाणी, शिवाय वाटीभर गरम पाणी बाजूला ठेवायचं. पाणी खळखळ उकळलं की वाटण, तीळ, मीठ, चिमूटभर पापडखार, मग एकाने रवा सोडायचा आणि दुसऱ्याने चाटूने घोटायचं, गुठळी झाली की संपलं. घोटणारा उंच स्टुलावर बसलेला चालतो, मी बसूनच घोटते. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या, ओल्या हाताला चिकटला नाही की झाला. मिठाचं लक्षात ठेवा, घाटा चाखताना जरा अळणी लागला पाहिजे, कारण वाळल्यावर मीठ वर येतं. पापडखारातही सोडियम असतं, म्हणून ह्यांच्यासाठी अर्धा किलोचा घाटा वेगळा, मीठ निम्मं आणि खार अजिबात नाही. ते बिबडे लहान थापायचे म्हणजे डब्यात ओळखू येतात.

गरम घाट्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल घालून पोरांना वाट्या द्या. खरा बिबडा तिथेच निम्मा संपतो! ज्वारी आहे म्हणून शुगरला कितीही चालते असं मात्र नाही, मी एकच वाटी घेते.

थापायचं कुठे, तर जमिनीवर नाही. उकिडवं किंवा मांडी घालून बसणं गुडघ्यांना सगळ्यात वाईट. मी गच्चीवर दोन खाटा टाकते, त्यावर ओलं केलेलं जुनं धोतर ताणून बांधते आणि बाजूला स्टुलावर बसते, हात पोहोचतो तेवढंच थापते, पलीकडची बाजू पोरांची. हात पाण्यात बुडवायचा, लिंबाएवढा गोळा ठेवायचा, चार बोटांनी मधून कडेला पसरवायचा. नातू हत्ती करतो, सोंड जाड ठेवतो आणि ती तीन दिवस वाळत नाही. शेजारीण तिच्या गच्चीवरून ओरडते, "काय करी राहिनी व माय, पोरेसनी सर्कस?" सर्कस तर सर्कस. दर अर्ध्या तासाने मी उठून चार पावलं चालते, नाहीतर गुडघा धरतो, आणि जिना दिवसातून एकदाच चढायचा, खालचं सामान आणायला पोरांचे पाय आहेत.

दुसऱ्या दिवशी धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, मिनिटभराने बिबडे अलगद सुटतात, ओढायचे नाहीत. मग अजून दोन कडक उन्हं.

तळण्यापेक्षा जाळीवर भाजून खा, वर कांदा आणि दाणे. पोरांसोबत पुण्याला पाठवायचे तर पिशवीत देऊ नका, चुरा होतो. स्टीलचा उभा डबा घ्या, तळाला आणि दोन थरांमध्ये कागद, आणि हत्ती सगळ्यात वर ठेवा, नाहीतर स्टेशनवरच डबा उघडून शोधाशोध होते.