बाटली उकळेपर्यंत: मायनक्राफ्टमधल्या शाळेत तास घेताना

शनिवारी रात्री नऊ वाजता मी चौकातली घंटा वाजवते आणि मुलं दगडी जिन्याने तळघरात उतरायला लागतात. दिवसा मी साताऱ्यात औषधाच्या दुकानात असते. शनिवारी रात्री मात्र मायनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममधल्या आमच्या जादूच्या शाळेत काढ्यांचा विषय शिकवते. सर्व्हर, म्हणजे आम्ही एकत्र खेळतो ती ऑनलाइन जागा, छोटा आहे, मराठी मंडळींचाच. एका तासाला बारा-पंधरा जण येतात. त्यांत कॉलेजची पोरं आहेत, दुबईचा एक इंजिनिअर आहे आणि न्यू जर्सीच्या एक ताई आहेत, ज्यांच्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ असते. तिथे मी सगळ्यांची ‘वैद्यबाई’. आरपी म्हणजे रोलप्ले, प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचं. अशा सर्व्हरवर नव्याने शिक्षक झालेले लोक मला हमखास एकच विचारतात, की तास रंगत का नाही. म्हणून हे लिहितेय.

माझा पहिला तास पडला होता. मी चार पानांचं व्याख्यान तयार ठेवलं होतं आणि एकेक ओळ चॅटमध्ये डकवत होते. दहाव्या ओळीला दोघं बाकांवर उड्या मारत होते आणि एक जण तळ्यावर मासे धरायला निघून गेला होता. मला फार वाईट वाटलं. नंतर त्या मासे धरणाऱ्यालाच विचारलं, तर तो म्हणाला, “बाई, मला करायला काही नव्हतं.” तेव्हापासून मी तासाची तयारी उलट्या बाजूने करते. मी काय सांगणार ते शेवटी लिहिते. आधी ठरवते, की पाचव्या मिनिटाला प्रत्येकाच्या हातात काय असेल.

रोलप्लेच्या शाळेत येणाऱ्याला विद्यार्थी व्हायचं असतं. शेजारच्याची वही बघायची असते, बाईंना खोटं कारण सांगायचं असतं, काढा बिघडवून घाबरायचं असतं. त्याला जागा मिळाली की तो शिकतोही. जागाच नसेल तर तुमचं व्याख्यान कितीही सुंदर असो, तो तळ्यावर जाणारच.

ही जागा कुठून आणायची? गेमचे नियमच ती देतात, फक्त ते नीट बघावे लागतात. ब्रूइंग स्टँडवर, आम्ही त्याला शेगडी म्हणतो, एका वेळी तीन बाटल्या बसतात. म्हणजे तिघांचा एक गट आपोआप ठरला, वेगळं नेमायला नको. एक पायरी शिजायला वीस सेकंद लागतात. आधी पाण्याच्या बाटलीत नेदर वॉर्ट ही गेममधली बुरशी, मग सोन्याचं गाजर, की अंधारात दिसण्याचा काढा तयार, तीन मिनिटं टिकणारा. दोन पायऱ्या, मिळून चाळीस सेकंद. नवखे शिक्षक या चाळीस सेकंदांत माहिती कोंबतात. तिथे गप्प बसा. बुडबुडे वर चढताना तिघं जण शेगडीभोवती उभे असतात आणि त्यांना बोलण्यावाचून काही सुचत नाही. माझ्या तासातली सगळी भांडणं, मैत्र्या आणि कटकारस्थानं त्या बुडबुड्यांच्या वेळात झाली आहेत. मी फार तर एखाद्या गटाजवळ जाऊन एक ओळ टाकते: ‘वैद्यबाई वाकून वास घेतात आणि काही न बोलता पुढे जातात.’ पुढची दहा मिनिटं तो गट आपल्या काढ्यात काय चुकलं याचा ऊहापोह करत बसतो.

अशा ओळी चॅटमध्ये सुरुवातीला ‘स्लॅश मी’ (/me) टाकून लिहायच्या, म्हणजे त्या कृती म्हणून उमटतात. एक पथ्य मात्र कडक पाळा. तुमच्या पात्राने काय केलं तेवढंच लिहायचं, समोरच्याचं काय झालं ते नाही. ‘बाईंनी कान धरला आणि तो रडला’ असं लिहिलं, तर त्याच्या पात्राचा ताबा तुम्ही घेतलात. ‘बाई कान धरायला हात पुढे करतात’ एवढ्यावर थांबा. तो पळेल, रडेल किंवा आईचं पत्र काढून दाखवेल, ते त्याला ठरवू द्या. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात. ‘((दोन मिनिटांत आलो, दूध उतू जातंय))’ असं आलं तर त्यावर पात्र म्हणून कुणी टिप्पणी करायची नाही.

लांबीचंही भान हवं. गेमच्या जावा आवृत्तीत चॅटची एक ओळ २५६ अक्षरांची असते. त्यात देवनागरीची जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांट्या भलत्या जागी जातात, म्हणून आम्ही चॅटमध्ये रोमन लिपीतच मराठी लिहितो. रोमनमधलं मराठी डोळ्यांना थकवतं. माझा दंडक असा: सलग तीन ओळींपेक्षा जास्त बोलायचं नाही, चौथी ओळ प्रश्नाची. मोठा मजकूर असेल तर तो पुस्तकात लिहून लेक्टर्नवर ठेवा. हा पुस्तकाचा मेज २०१९ मध्ये १.१४ आवृत्तीबरोबर आला आणि त्याची खुबी फार कमी शिक्षक वापरतात. एकाने पान उलटलं की वाचणाऱ्या सगळ्यांचं पान उलटतं. म्हणून मी पानं उलटायला एक मॉनिटर नेमते. तो घाई करतो, मागचे ओरडतात, आणि वर्गात वर्गाचा आवाज येतो.

तासाआधीची तयारी थोडक्यात. मुलांना अ‍ॅडव्हेंचर मोडमध्ये ठेवा, म्हणजे भिंती फुटत नाहीत पण शेगड्या आणि पेट्या वापरता येतात. दिवस-रात्रीचं चक्र थांबवा. प्रत्येक शेगडीत ब्लेझ पावडर, म्हणजे तिचं इंधन, आधीच घाला. एका चिमटीत वीस वेळा शिजवता येतं. तास पस्तीस मिनिटांचा, त्याहून मोठा नको. उशिरा येणाऱ्याला कधी झापू नका, कारण त्याच्या घरी खरंच पाहुणे आलेले असू शकतात. त्याला लगेच कुठल्या तरी शेगडीपाशी पाठवा. आणि सर्व्हरवर अठरा वर्षांखालचं कुणी असेल, तर शिक्षकाने खासगी निरोपात बोलायचं नाही आणि खऱ्या शाळेचं नाव-गाव विचारायचं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, दुसरा मोठा माणूस हजर असताना. यात सवलत नाही.

आता तासाचा गाभा. प्रत्येक तासात एक गोष्ट मी मुद्दाम सांगत नाही. औषधशास्त्र शिकताना मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे क्रम. तेच द्रव्य, पण कधी पडलं त्यावर सगळं अवलंबून. मायनक्राफ्टमध्ये आंबवलेला कोळ्याचा डोळा याचा उत्तम धडा देतो. नुसत्या पाण्यात टाकला तर अशक्तपणाचा काढा होतो. अंधारात दिसण्याच्या तयार काढ्यात टाकला तर अदृश्य होण्याचा. गेल्या सत्रात मी एकाच गटाच्या पेटीत तो डोळा ठेवला. ऐरणीवर त्याचं नाव बदलून ‘आजीच्या डब्यातलं’ केलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाकीचे गट अंधाऱ्या कोठडीत जाऊन आपला काढा तपासत होते. या तिघांनी कुजबुजत डोळा टाकला, वीस सेकंद थांबले आणि प्यायले.

अदृश्य झालेल्याचं अंग दिसत नाही, पण घातलेले कपडे दिसतात. आमची चार कुलं, म्हणजे शाळेची हाऊस, साताऱ्याकडच्या नद्यांच्या नावांची आहेत: कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी. गणवेश म्हणजे त्या-त्या रंगात रंगवलेला चामड्याचा अंगरखा. त्यामुळे वर्गात कोयनेचे तीन निळे अंगरखे नुसतेच तरंगायला लागले. मी शांतपणे हजेरीपट उघडला आणि हजेरी घेतली. तिघांपैकी एकाने अंगरखा काढून टाकला, आणि उरलेल्या दोघांनी शपथेवर सांगितलं की तो आज आलाच नाही. सगळा वर्ग त्याला शोधत होता. त्या तासात मी एकंदर अकरा ओळी बोलले असेन. क्रमाचा नियम मात्र पंधराही जणांना आजही पाठ आहे.

गुण देताना बरोबर उत्तराला कमी आणि दुसऱ्याला खेळात ओढणाऱ्याला जास्त द्या. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याला प्रश्न विचारून उघडं पाडू नका, त्याच्या हातात किल्ली द्या. कोठडीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याशी सगळे स्वतःहून बोलायला येतात.

गृहपाठ असा हवा की तो खिडकीतूनही करता यावा. एका सत्रात खगोलाचा तास माझ्याकडे आला. मायनक्राफ्टचा चंद्र आठ कलांचा, आठ रात्रींत पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत. गेमचा दिवस वीस मिनिटांचा, म्हणजे अख्खा महिना दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. मी मुलांना गच्चीवर नेलं, रात्री एकामागून एक पुढे सरकवल्या आणि प्रत्येकीला चंद्र कधी उगवतो ते वहीत लिहायला सांगितलं. उत्तर दर वेळी तेच: सूर्य मावळला की. मग म्हटलं, आता आठवडाभर आपापल्या घरून बघा.

पुढच्या शनिवारी एक विद्यार्थी हात वर करूनच आला. त्याच्या घरी संकष्टी होती. चंद्रोदय व्हायला रात्रीचे नऊ वाजून गेले आणि आजी तोवर उपाशी. “बाई, आपल्या शाळेत चतुर्थीचा चंद्रसुद्धा दिवेलागणीलाच उगवतो. आपल्या आभाळावर कुणीतरी मंत्र टाकलाय.” मी यातलं काहीही ठरवलेलं नव्हतं. उरमोडीच्या मुलींनी लगेच कोयनेवर संशय घेतला, कोयनेने वाचनालय गाठलं, आणि पुढचे चार शनिवार आख्खी शाळा तो मंत्र कुणी टाकला ते शोधत होती.