सीटी-एमआरआयच्या पोस्टिंगमध्ये या चुका टाळा: स्कॅन बहुतेक वेळा बटण दाबण्याआधीच फसलेला असतो

सीटी-एमआरआयची पोस्टिंग लागली की रेडिओग्राफीचे विद्यार्थी आधी कन्सोलकडे, म्हणजे मशीन चालवायच्या संगणकाकडे धावतात. कुठला प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली पद्धत), किती केव्ही (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज), स्लाइस किती जाडीची, सगळं आठवडाभरात तोंडपाठ होतं. तरीही स्कॅन फसतात, परत करावे लागतात, कधी पेशंटला इजा होते. कारण शोधत मागे गेलं की ते सापडतं पेशंटला टेबलवर घेण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) असो, अंबाजोगाई असो की लातूर-नांदेड, बाहेर रांग लागली की हीच मिनिटं आधी कापली जातात. सीनियर मंडळीही विद्यार्थ्याला प्रोटोकॉल शिकवतात आणि पेशंटची तयारी मात्र 'ते काय, येईल आपोआप' म्हणून सोडून देतात. ते आपोआप येत नाही.

लाइट गेली म्हणजे मॅग्नेट बंद झाला, असं समजणं

भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. एमआरआयचा सुपरकंडक्टिंग मॅग्नेट द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेला असतो आणि त्याच्या कॉइलमधला प्रवाह एकदा सुरू केला की फिरतच राहतो. स्कॅन थांबला, स्क्रीन काळी पडली, अख्ख्या इमारतीची लाइट गेली, तरी खोलीत चुंबक चालूच. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30 ते 35 हजार पट. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि तो घेऊन गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. वॉर्डातून आलेली ट्रॉली, सिलिंडर, व्हीलचेअर दारातच अडवायची. अडवणारा पहिल्या महिन्याचा विद्यार्थी असला तरी त्याचंच ऐकलं गेलं पाहिजे, हे सीनियरने सगळ्यांसमोर सांगून ठेवावं.

"अंगावर काही लोखंडी आहे का?" एवढंच विचारणं

उत्तर "नाही" असंच येतं. मग बंडीच्या आतल्या खिशातून चुन्याची डबी निघते, आजीच्या चंचीतून अडकित्ता निघतो, करदोड्याला पेटीची किल्ली बांधलेली असते. वस्तूचं नाव घेऊन विचारा: "बाबा, चुन्याची डबी कुठंय? करदोड्याला काय बांधलंय?" कपडे पूर्ण बदलून घेतले तर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. जरीकाठाची साडी तर आत नकोच, कारण जरीतली धातूची तार तापू शकते. मंगळसूत्र काढायला बायका का-कू करतात. सोनं ओढलं जात नसलं तरी चित्र बिघडवतं आणि तापूही शकतं. तेवढ्या वेळेपुरता गळ्यात काळा दोरा बांधून दिला की पुष्कळशा तयार होतात.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास विचारायला हवा आणि तोच राहतो. वाळूजच्या कारखान्यात किंवा जालन्याच्या स्टील मिलमध्ये काम करणाऱ्याला, वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्याला विचारा, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" होय म्हणाला किंवा खात्री नसेल, तर रेडिओलॉजिस्टला सांगा. आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे निघेल, एमआरआयचं नंतर ठरेल. वर्षानुवर्षं गप्प बसलेला कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते.

आणि पेशंट देवाचं नाव घेत हात जोडून पडला असेल तर हात सोडवा. हाताला हात किंवा उघड्या मांडीला मांडी टेकली की शरीरातच बंद वळसा तयार होतो, त्यातून प्रवाह वाहतो आणि त्वचा भाजते. मध्ये पॅड घाला. सिग्नल पकडायला अंगावर ठेवतात त्या कॉइलच्या वायरीचाही वळसा अंगावर ठेवू नका.

एमआरआयच्या चित्रात आडवी-उभी ठिपक्यांची रेघ आली तर सीक्वेन्स (स्कॅनचा प्रकार) बदलत बसू नका. आधी खोलीचं दार नीट बसलंय का ते पाहा. फटीतून बाहेरच्या रेडिओलहरी आत शिरतात. सिग्नलच कमजोर असेल तर कॉइलचा प्लग लॉक झालाय का आणि कन्सोलवर तीच कॉइल निवडलीय का, ते तपासा.

सीटी काँट्रास्ट: वॉर्डातून आलेली कॅन्युला तशीच वापरणं

वॉर्डातून पेशंट बहुधा हाताच्या पाठीवर निळी, म्हणजे 22 नंबरची कॅन्युला (शिरेतली नळी) घेऊन येतो. अँजिओला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला, काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) सेकंदाला 4-5 मिलि वेगाने द्यावं लागतं. तिथे कोपराच्या खोबणीत त्याहून जाड, गुलाबी 20 किंवा हिरवी 18 हवी, शक्यतो उजव्या हाताला. डाव्या हातातून दिलं की दाट काँट्रास्ट महाधमनीच्या कमानीसमोरून जातं आणि तिथलं चित्र चरे पडून खराब होतं. आधी हाताने सलाइन सोडून शीर फुगते का, दुखतं का, ते बघा.

बोलस ट्रॅकिंगचा (काँट्रास्ट रक्तवाहिनीत पोहोचलं का ते दाखवणारा) ग्राफ वर चढत नसेल तर विद्यार्थी स्क्रीनकडे टक लावून बसतो. नजर आधी हाताकडे गेली पाहिजे. दंड सुजत असेल तर इंजेक्टर लगेच थांबवा. हात ठीक असेल तर ज्या जागी मोजतोय ती खूण रक्तवाहिनीच्या मध्यावर आहे की भिंतीतल्या कॅल्शियमवर, ते पाहा. तेही बरोबर असेल तर हृदय कमजोर असल्यामुळे काँट्रास्ट उशिरा पोहोचत असेल, थोडं थांबा. फुप्फुसाच्या अँजिओत मात्र दोष पुष्कळदा आपल्याच सूचनेचा असतो. पेशंट जीव खाऊन खोल श्वास घेतो, पोटाकडून काँट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात ओढलं जातं आणि फुप्फुसाची धमनी फिकी दिसते. बेताचा श्वास घेऊन थांबायचं, याची टेबलवर दोनदा तालीम करून घ्या. मशीनमधला इंग्रजी-हिंदी आवाज गेवराईच्या आजोबांना कळेल, या भरवशावर राहू नका.

'उपाशीपोटी या' म्हटलं की आपल्याकडे लोक पाणीही सोडतात. एप्रिल-मेच्या 42 अंशांत, एसटीने दोन तास प्रवास करून, रात्रीपासून कोरडा आलेला पेशंट मूत्रपिंडाच्या दृष्टीने काँट्रास्टसाठी सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी पाणी बंद केलेलं नसेल तर पिऊ द्या, आणि अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच तसं लिहा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) न पाहता पुढे जाऊ नका. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल किंवा पेशंट मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असेल तर निर्णय रेडिओलॉजिस्टचा. स्कॅननंतर अर्धा तास कॅन्युला काढायची नाही, "शेवटची एसटी चुकेल" म्हटलं तरी. रिअ‍ॅक्शनवर औषध डॉक्टरच देतील, पण अ‍ॅड्रेनालिन कुठल्या कप्प्यात आहे आणि मुदतीतलं आहे का, हे तुम्हाला माहीत पाहिजे.

टेबलची उंची अंदाजाने ठेवणं

याने चित्र काळंकुट्ट येत नाही, म्हणून कुणी ओरडत नाही. सीटीच्या टॉपोग्रामला (स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्राला) एक्स-रे ट्यूब वर असताना टेबल जास्त उंच राहिलं तर पेशंट ट्यूबजवळ जातो, मशीनला तो जाड वाटतो आणि ट्यूबचा करंट, म्हणजे डोस, वाढतो. खाली राहिलं तर बारीक वाटतो, करंट घटतो, चित्र दाणेदार येतं. ट्यूब खाली असेल तर हिशेब उलटा. बाजूचा लेझर काखेच्या मध्यरेषेवर आणा. पाठीला कुबड असलेल्या म्हाताऱ्या माणसांत ही चूक जास्त होते.

पाळीची तारीख सासूसमोर विचारणं

एचएसजी (गर्भाशय आणि नलिकांचा काँट्रास्ट देऊन काढलेला एक्स-रे) पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात, म्हणजे तारीख चुकली तर सगळंच चुकलं. नातेवाइकांना बाहेर बसवा, शक्यतो बाईमाणसाने विचारावं. तारीख आठवत नसेल तर "अमावस्येच्या आधी की नंतर?" असं विचारा. खोलीत तिथीचं कॅलेंडर टांगलेलं असेल तर मिनिटभरात उत्तर मिळतं.

मॅमोग्राफीत काखेतली पावडर पुसायला लावा. ती कॅल्शियमच्या बारीक कणांसारखी दिसते.

सी-आर्मजवळ नीट दिसावं म्हणून पुढे सरकणं

सी-आर्म म्हणजे ऑपरेशनवेळी चालता एक्स-रे दाखवणारं मशीन. त्याच्या आडव्या प्रोजेक्शनमध्ये ट्यूबच्या बाजूला उभं राहू नका, तिकडेच विखुरलेले किरण जास्त असतात. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो, म्हणून काम नसेल तेव्हा मागे सरका. टीएलडी बॅज (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणारा) शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत, छातीशी. अ‍ॅप्रनची घडी घालू नका. आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून कापड चांगलंच दिसतं, म्हणून तो हँगरला टांगा आणि अधूनमधून फ्लुरोखाली (चालत्या एक्स-रेखाली) तपासून घ्या. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आकडे पाठ करून उपयोग नाही, तीन महिन्यांनी येणारा स्वतःचा रिपोर्ट मागून वाचा. आणि बॅज मिळाला नसेल तर पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी लेखी मागा.